शुगरच्या केस पेपरवर मनाचीही नोंद हवी

उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय. कुठेही शुगर-बीपीच्या रांगेत उभं राहिलं की तेच प्रश्न कानावर येतात. गोळ्या संपल्या का? उपाशीपोटी आलात ना? मीठ कमी केलं का? झोप लागते का, कशात मन रमतं का, हे सहसा कोणी विचारत नाही. पेशंटही फार तर "अंगात ताकदच नाही हो" एवढं म्हणतो आणि शक्तीची गोळी घेऊन घरी जातो.

या 'ताकद नाही'मागे बऱ्याचदा नैराश्य असतं. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. मन खचलं की गोळ्या चुकतात, चालणं बंद होतं, खाण्याचा ताळ सुटतो. त्यातून शुगर वाढते आणि वाढलेली शुगर पाहून माणूस आणखी खचतो. डायलिसिसवाल्यांचे तर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनपाशी जातात. नोकरी सुटते, घरात आपण ओझं झालो ही बोच वेगळीच. यावर उपचार आहे. तो मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या उपचाराइतकाच गरजेचा आहे आणि तो त्याच खिडकीवर मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टरने मानसिक आरोग्याची योजना लिहून दिली की वर्षाला १० सत्रांपर्यंत सरकार फीचा वाटा उचलतं. आपल्याकडे अशी सवलतीची चिठ्ठी नाही. खासगी समुपदेशकाच्या एका सत्राची फी हजाराच्या घरात सहज जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण ओपीडीतलं समुपदेशन बसत नाही. विम्याचंही तसंच. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तरी बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच कामाला येतात.

पण याच कायद्याच्या कलम १८ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, आणि ही बाजू आपल्या तिन्ही शहरांत फार कमी लोकांना ठाऊक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात. जिल्हा रुग्णालयाबरोबरच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही ठरलेल्या वारी सेवा देणं हे त्यांचं काम आहे. तेव्हा केस पेपर काढतानाच विचारा, "मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात?" अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या ज्या कामगारांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्यांनी आपल्या दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. पगारातून पैसे जातात ते यासाठीही जातात.

आणखी पुढे जायचं तर १९०१ मध्ये सुरू झालेलं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. पण "याला ठाण्याला पाठवा" हे आपल्याकडे इतक्या पिढ्या टोमणा म्हणून वापरलं गेलंय, की शुगरचा पेशंट त्या फाटकातून आत जायला धजावत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय आजारी माणसाला बदलापूरहून लोकलच्या गर्दीत लोटायचं, रोजंदारी बुडवायची, तीही दर पंधरा दिवसांनी! म्हणूनच ही सेवा घराजवळच्या रुग्णालयात हवी.

प्रवास जमतच नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सुरुवातीला प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो.

सत्रात नेमकं काय होतं याची अनेकांना धास्ती असते. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जी पद्धत वापरून पाहिली, ती अगदी साधी आहे. आजारामुळे दिवसातलं काय काय सुटलं ते पेशंटसोबत बसून काढायचं. सुटलेलं एक छोटं काम, समजा संध्याकाळी शिवमंदिरापर्यंत चालत जाणं, वार-वेळ ठरवून पुन्हा सुरू करायचं आणि पुढच्या भेटीत काय अडलं ते बोलायचं. अशी ६ ते ८ सत्रं. ती घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. नेहमीच्या उपचाराला या सत्रांची जोड मिळालेल्यांचं नैराश्य जास्त उतरलं, हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे भारतातल्याच चार मधुमेह दवाखान्यांत ४०४ पेशंटवर झालेल्या अभ्यासातही शुगर आणि मन एकाच ठिकाणी सांभाळण्याचा फायदा दिसला. मग उल्हासनगरच्या शुगर ओपीडीत एक समुपदेशक बसवायला अडचण कसली? एचआयव्हीच्या केंद्रांत समुपदेशक कित्येक वर्षांपासून आहेत.

तोवर निदान दोन प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? जगभर वापरली जाणारी ही चाचणी मिनिटभराची आहे. सोबत थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही थकवा येतो, मन खाली जातं. खासगीत जायचंच झालं तर त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. विचारण्यात संकोच नको.

पुढच्या तारखेला शुगरचा रिपोर्ट दाखवाल तेव्हा झोपेची आणि मनाची तक्रारही डॉक्टरांकडून केस पेपरवर लिहून घ्या. लेखी आलं की ती तक्रार नजरेआड होणं कठीण. आणि घरात कोणाला जगणंच नकोसं वाटत असेल, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच्याजवळ बसा आणि लगेच १४४१६ लावा.