जुन्या शिवणयंत्रांसाठी कोरडी जागा

पेडणे तालुक्यातील हरमलसारख्या समुद्रकाठच्या गावी जुन्या घराची डागडुजी निघाली, की माळ्यावरून किंवा पडवीच्या कोपऱ्यातून एखादे शिवणयंत्र हटकून बाहेर येते. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेली असते, चाक अडकलेले असते आणि खणात गंजलेल्या सुयांची पुडी व दोनचार बटणे सापडतात. कधीकाळी त्या यंत्रावर घरातील परकर-पोलकी, शेजारणीची झंपरे आणि चतुर्थीचे नवे कपडे शिवले गेलेले असतात. क्वचित एखाद्या विधवा बाईने त्याच्यावर मुलांची शिक्षणेही पुरी केलेली असतात. आता त्याच्यापुढे दोन वाटा असतात. भंगारवाला ते वजनावर नेतो. नाहीतर एखादा उपाहारगृहवाला येतो आणि वरचे यंत्र काढून टाकून खालचा नक्षीदार लोखंडी सांगाडा तेवढा मागतो. त्या सांगाड्यावर फळी बसवली, की प्रवाशांसाठी झकास टेबल तयार होते. शिवणयंत्राचा इतका सुबक शिरच्छेद दुसरा नसेल.

तिसरी वाट संग्राहकाची. त्याने पहिले यंत्र घरी आणले तर कोणी हरकत घेत नाही. चौथे आले म्हणजे कुजबुज सुरू होते आणि दहाव्याला घरातील माणसे सरळ विचारतात, की हे ठेवायचे कोठे? हा प्रश्न रास्त आहे. हरमलमध्ये आज मोकळी खोली ही केवळ मोकळी खोली राहिलेली नाही. किनाऱ्यावर येणाऱ्या देशी-विदेशी पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणे हे अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे आणि २०२३ साली मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या जागेला अधिकच मोल आले आहे. यंत्रांसाठी खोली मागणे म्हणजे घराच्या मिळकतीतला वाटा मागणे होय. म्हणून जागेचा विचार करण्यापूर्वी काय ठेवावे आणि काय ठेवू नये, याचा विचार करणे भाग आहे.

येथे बहुतेक संग्राहकांची एक समजूत आड येते. जुने ते दुर्मिळ, असे त्यांना वाटते. शिवणयंत्राची गोष्ट नेमकी उलट आहे. फ्रान्समधील बार्तेलेमी थिमोनिए या शिंप्याने १८३० साली साखळीटाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत एलायस होव याने १८४६ मध्ये वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत गुंतवणाऱ्या यंत्राचे, आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या सुधारलेल्या यंत्राचे. सिंगरच्या व्यवसायाने १८५६ पासून हप्त्यांनी विक्री सुरू केली आणि जे यंत्र रोख पैसे मोजून घेणे सामान्य कुटुंबाला अशक्य होते, ते जगभर घरोघरी पोचले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरच्या कारखान्यातून पहिल्या महायुद्धापूर्वी एकेका वर्षात दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडत. हिंदुस्थानातही हीच हप्त्यांची पद्धत चालली. यंत्रयुगाकडे साशंकतेने पाहणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्र काढले आणि देशी यंत्रही खेड्यापाड्यांत पोचले. तात्पर्य, काळ्या रंगाचे सिंगर सापडले म्हणून हरखून जाण्याचे कारण नाही. तशी लक्षावधी आहेत.

मग निवड कशाच्या आधारे करावी? एकाच घडणीची सात यंत्रे जमवण्यापेक्षा सात निरनिराळ्या कामांची यंत्रे जमवणे जागेच्याही हिताचे आणि ज्ञानाच्याही. होडीच्या आकाराचा धोटा पुढे-मागे झुलवणारे एक, गोल बॉबिनचे एक, एकाच दोऱ्याने साखळीटाका घालणारे एक, चांभाराचे लांब हाताचे चामडे शिवणारे एक, जमल्यास लहान मुलींसाठी केलेले खेळण्यातले एक. एवढ्यांनी शिवणयंत्राचा सारा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. याखेरीज ज्याची हकीगत ठाऊक आहे ते यंत्र, मग ते कितीही सामान्य घडणीचे असो, ठेवावे. कोणाच्या घरचे, कोणी चालवले, त्यावर काय शिवले जाई, हे सांगता येणारे साधे यंत्र हे मुक्या दुर्मिळ यंत्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. उरलेली यंत्रे दुरुस्त करून चालवणाऱ्याच्या हाती द्यावीत. यंत्राला सर्वांत चांगली जागा अजूनही शिवणाऱ्याच्या घरातच मिळते.

जागेच्या अडचणीचे थोर उदाहरण पुण्यात आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे, भांडी असा त्यांचा पसारा वाढत गेला. १९६२ साली संग्रहालय स्थापन झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी मांडलेल्या सुमारे २,५०० च. म्हणजे आठांत एक. शासनाच्या पाठबळावर उभ्या असलेल्या संग्रहालयाची ही स्थिती, तर हरमलच्या एका घरात सगळेच एकदम मांडून दाखवण्याचा हट्ट कशासाठी? साठवण आणि मांडणी ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांना वेगळ्या जागा लागतात, आणि साठवणीची जागा पाहुण्यांना दिसण्याजोगी असण्याचे मुळीच कारण नाही.

तिला दुसरे गुण हवेत. हरमलमध्ये जागा चौरस फुटांवर मोजण्याआधी ती किती कोरडी आहे हे पाहावे लागते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. लोखंडाला गंज चढण्यास एवढे पुष्कळ झाले. त्यात समुद्राचा खारा वारा मिठाचे सूक्ष्म कण आणून पृष्ठभागावर बसवतो. मीठ हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही यंत्राचे उघडे पोलाद गंजत राहते. घाटावरच्या गावी वीस वर्षे निर्धास्त उभे राहणारे यंत्र किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत जाम होऊ शकते.

या दृष्टीने जुन्या घराकडे पाहिले, तर सहज सुचणाऱ्या बहुतेक जागा बाद होतात. पुढची ओसरी शोभेची खरी, पण पश्चिमेचा वारा आणि पावसाची झड प्रथम तिच्यावरच येते. माळा रिकामा असतो. पण वर मंगलोरी कौलांची तापती झळ, एखादे कौल सरकले की थेट गळती, आणि शिडीवरून पंधरा किलोचे ओतीव लोखंड चढवण्याचा उपद्व्याप. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवावे, तर चिरा पावसाळ्यात ओल धरतो. जमिनीवर थेट ठेवले, की खालून दमट आणि लाकडी पेटीला वाळवी. राहते ते माजघर. घराच्या मधोमध असलेली, एकही भिंत बाहेरच्या पावसाला न भिडणारी ती अंधारी खोली पाहुण्याला भाड्याने देण्याच्या कामाची नसते. यंत्रांना मात्र तिच्याहून उत्तम जागा नाही. ज्या खोलीला बाजारात किंमत कमी, तीच संग्रहाला सर्वांत सोयीची, हा योग क्वचित जुळतो. त्याचा लाभ घ्यावा.

आता हिशेब. पायाने चालणारे यंत्र त्याच्या टेबलासह सुमारे तीन फूट लांब व दीड फूट रुंद जागा अडवते. अशी सोळा यंत्रे ठेवण्यास ७२ चौरस फूट लागतील, आणि मध्ये चालण्यास वाट राहणार नाही ती निराळीच. तीच सोळा यंत्रे सांगाड्यावरून उतरवून, लाकडी बैठकीवर बसवून मांडणीत ठेवली, तर एकेकास सुमारे वीस इंच लांबी व फूटभर खोली पुरते. सात फुटांच्या फळीवर चार. अशा चार फळ्या, दोन फळ्यांमध्ये सोळा इंचांचे अंतर, आणि तळाची फळी जमिनीपासून सहा इंच वर. सोळांचे काम सात चौरस फुटांत होते. मात्र एकेका यंत्राचे वजन बैठकीसह बारा ते पंधरा किलो धरले, तर प्रत्येक फळीवर पन्नास-साठ किलोंचा भार येतो. पुस्तकांचे कपाट त्याखाली वाकेल. लोखंडी कोनांची मांडणी करावी, फळीला मध्ये आधार द्यावा, जड यंत्रे तळाशी ठेवावीत आणि मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी, म्हणजे मागून हवा खेळेल. बैठकी गावचा सुतार फणसाच्या लाकडात करून देतो. पलंगाच्या खाली असणाऱ्या दांड्यांना त्यात मोकळी पोकळी राहील, एवढे त्याला सांगावे. यंत्राच्या सपाट तळाला 'पलंग' हा शब्द येथे इंग्रजीवरून घेतला आहे. शिंपी त्याला नुसते पाटच म्हणतील.

सांगाड्यावरून यंत्र उतरवणे अवघड नाही. मागच्या बाजूस दोन बिजागऱ्या असतात. त्यांना खालून धरणारे दोन स्क्रू सैल केले, पट्टा चाकावरून काढला, की यंत्र हातात येते. आणि येथेच मांडणीच्या प्रश्नाचे उत्तरही हाती लागते. सिंगरच्या पूर्ण आकाराच्या बहुतेक घरगुती यंत्रांचा पाट एकाच मापाचा, सुमारे साडेचौदा इंच लांब व सात इंच रुंद असतो, आणि त्या घडणीवर बेतलेल्या पुढच्या अनेक कंपन्यांच्या यंत्रांनीही तेच माप राखले. म्हणून पन्नास यंत्रांना पन्नास टेबले लागत नाहीत. एक सुस्थितीतील सांगाडा बाहेरच्या खोलीत ठेवावा आणि त्यावर दर महिन्याला एक यंत्र बसवावे. पाहणाऱ्याला एका वेळी एकच दिसते. पण ते चालते. पाय मारला की सुई खालीवर होते, कापडावर टाके पडतात. काचेआड ओळीने उभ्या केलेल्या चाळीस यंत्रांपुढून माणूस दोन मिनिटांत निघून जातो. चालत्या यंत्रापाशी तो बसतो आणि आपल्या आजीच्या यंत्राची गोष्ट सांगू लागतो. काही वर्षांपूर्वी विलायतेतील एका कपड्यांच्या दुकानमालिकेने खिडक्यांतून शेकडो जुनी शिवणयंत्रे भिंतीसारखी रचली होती. देखावा मोठा बहारीचा. यंत्रे मात्र तेथे विटांचे काम करीत होती.

पावसाळ्याची तयारी मृगापूर्वी व्हावी. उघड्या पोलादी भागांना शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल घालण्याचा मोह टाळावा; ते कालांतराने चिकटते आणि चाक जाम करते. आधीच जाम झालेले यंत्र आतून रॉकेलने सोडवता येते, पण रॉकेल पुसून पुन्हा तेल दिले पाहिजे, नाहीतर ते कोरडेच पडते. सोनेरी नक्षीवर स्पिरिट कधीही लावू नये. त्यावरचे जुने रोगण विरघळते आणि नक्षी फडक्यावर उतरते. झाकण्यास प्लॅस्टिक वापरू नये, त्याच्याआड ओल कोंडते. जुने सुती लुगडे सर्वांत बरे. चामडी पट्टे उतरवून वेगळे टांगावेत. महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्राचे चाक हाताने दहा-वीस वेळा फिरवले, तर तेल सांध्यांत पसरते आणि बिघाड वेळीच कळतो.

गोव्याच्या घरात आणखी एक पथ्य आहे. चतुर्थीला गणपती बसतो ती जागा आणि वर माटोळी बांधण्याची चौकट यांवर कोणत्याही संग्रहाने अतिक्रमण करू नये. भाद्रपदात सारे हलवावे लागते आणि घाईत हलवताना यंत्रे पडतात. दसरा मात्र संग्रहाच्या सोयीचाच. पाऊस ओसरत आलेला असतो, शिंपी आपापल्या यंत्रांची पूजा मांडतात. त्या दिवशी सगळी यंत्रे बाहेर काढून, पुसून, उन्हाची झळ न लागेल अशा बेताने अंगणात मांडावीत आणि गावाला बोलवावे. वर्षातून एक दिवस पूर्ण संग्रहाचे दर्शन घडवण्यास स्वतंत्र दालन बांधावे लागत नाही.

घराबाहेरचे मार्गही आहेत. गोव्यातच बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी जुन्या शेतीची व धंद्यांची अवजारे जमवून 'गोवा चित्र' उभे केले. त्याच्या इमारतीत मोडीत निघालेल्या जुन्या घरांची दारे-खिडक्या वापरलेली आहेत. एवढा खटाटोप प्रत्येकास साधणार नाही. पण शाळेच्या शिवणवर्गात एक, वाचनालयात एक, चालू शिंप्याच्या दुकानात एक, अशी यंत्रे लेखी नोंद करून उसनी ठेवता येतात. हरमलमध्ये शिक्षण महाविद्यालय आहे. उद्याच्या शिक्षकांना हाताने फिरवून पाहता येईल असे एक यंत्र तेथे असण्यास काय हरकत आहे? उसने देताना कोणाची जबाबदारी, तेल कोण घालणार आणि परत केव्हा घेणार, एवढे कागदावर असावे.

तसाच एक कागद प्रत्येक यंत्राबरोबर हवा. त्यावर पाटावर ठोकलेला क्रमांक लिहावा. सिंगरच्या यंत्रांवर १९०० पासून क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येते, आणि त्यावरून कारखाना व घडणीचे वर्ष शोधता येते. त्याखाली यंत्र कोणाकडून आले, त्या घरात ते कोण चालवी आणि त्यावर शेवटी काय शिवले, हे लिहावे. हे शेवटचे विचारून घेण्याची घाई अधिक आहे. लोखंड जपले तर आणखी शंभर वर्षे टिकेल; ते चालवणाऱ्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. कागद सुती पिशवीत घालून यंत्राच्या खणात ठेवावा आणि त्याची एक प्रत वेगळ्या वहीत, वेगळ्या कपाटात असावी.