जुन्या एसयूव्हीचं ॲव्हरेज पडलंय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

आमच्या घरची डिझेल एसयूव्ही आता १३ वर्षांची झाली. अब्बांच्या उपचारांसाठी महिन्यातून तीन-चार वेळा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जावं लागतं. शिवाय लग्नकार्य, बाजारहाट असतंच. पूर्वी हीच गाडी लिटरला १३ किलोमीटर द्यायची. मागच्या वर्षी ती ९.८ वर आली. गॅरेजमध्ये दाखवली तर मिस्त्रीने बॉनेट उघडून दोन मिनिटं आवाज ऐकला आणि सांगितलं, "इंजिन थकलंय. हाफ इंजिन करावं लागेल. ७० हजार धरून चाला."

७० हजार म्हणजे आमच्यासाठी थोडीथोडकी रक्कम नाही. गाडी भंगाराच्या भावात विकून टाकावी, इथपर्यंत घरात बोलणं आलं. शेवटी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गाडी नेली. ते म्हणाले, "आधी चाक फिरवून बघू. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी." त्यानंतरच्या महिन्याभरात जे शिकलो, ते आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे सविस्तर देत आहोत.

आधी हिशेब समजून घेऊ. महिन्याला १,००० किलोमीटर गाडी चालत असेल, तर १३ च्या ॲव्हरेजला ७७ लिटर डिझेल लागतं आणि १० च्या ॲव्हरेजला १०० लिटर. म्हणजे २३ लिटर जास्त. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला २,०७० आणि वर्षाला जवळजवळ २५ हजार रुपये जास्तीचे जातात. तेव्हा दुर्लक्ष करणंही परवडत नाही आणि घाईने इंजिन खोलणंही परवडत नाही.

पहिलं काम : मोजमाप नीट करा

"ॲव्हरेज पडलं" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते नीट मोजलेलंच नसतं. ५०० रुपयांचं डिझेल टाकलं, काटा इथून तिथे आला, यावरून काही कळत नाही. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान ३०० ते ४०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोजलने टाकी फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज.

दोन गोष्टी सांभाळा. नोजल आपोआप बंद झालं की थांबा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे एकदा गळ्यापर्यंत आणि एकदा कमी भरलं तर ३० लिटरच्या हिशेबात दोन-तीन लिटरची चूक सहज होते, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत. आणि असं मोजमाप तीनदा करून सरासरी काढा. घाटाचा रस्ता असेल तर जाणं-येणं दोन्ही धरा, नुसती चढण मोजून गाडीला दोष देऊ नका.

पंपावर माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर वाद घालत बसू नका. प्रत्येक पंपावर वैध मापन खात्याने प्रमाणित केलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहक त्यात मोजून दाखवायला सांगू शकतो. तो आपला हक्क आहे.

टायर बदललेत का?

आमच्या गाडीतली पहिली चूक इथे सापडली. कंपनीचा टायर होता २१५/७५ आर १५. दोन वर्षांपूर्वी गाडी भरदार दिसावी म्हणून २३५/७५ आर १५ टाकले होते. हा टायर सुमारे ४ टक्के मोठा आहे. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्याच मापाने मोजतं. मोबाईलच्या नकाशावर तपासलं तर गाडी ५२ किलोमीटर चालली आणि मीटरने ५० दाखवले. म्हणजे आमचं ९.८ हे खरं तर १०.२ होतं. शिवाय मोठा टायर जड असतो, तो फिरवायला ताकद जास्त लागते. आणि काटा वेग कमी दाखवतो, हा धोका वेगळाच.

हवेचं सांगायचं तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांत स्टिकर असतो. त्यावर लिहिलेली हवा टायर थंड असताना भरा. चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असली तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त जातं. म्हणजे ८ पीएसआय कमी असेल तर दीड टक्क्याच्या आसपास. नुकसान फार मोठं नाही, पण टायर झिजतो ते वेगळं. टायरची आतली किंवा बाहेरची एकच बाजू झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

चाक मोकळं फिरतंय का?

उस्तादांनी गाडी सपाट जागी उभी केली, पुढच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, हँडब्रेक सोडला आणि मागचं एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. डावं चाक फिरलं. उजवं अर्धा फेरा करून थांबलं. ड्रम उघडला तर हँडब्रेकची केबल गंजून आखडलेली आणि व्हील सिलिंडरही अडकलेला. कोकणातल्या पावसात गाडी चार-चार दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की हे होतं. पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरच्या पिना सुकून अडकतात. म्हणजे आपण ॲक्सिलरेटर दाबतोय आणि ब्रेकही थोडा लागलेलाच आहे, असा प्रकार.

घरी ओळखायची खूण सोपी आहे. दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवा. थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय. ही नुसती डिझेलची बाब नाही. घाट उतरताना तापलेला ब्रेक दगा देऊ शकतो.

फोर व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर चिखलातून निघाल्यावर लिव्हर परत टू व्हीलवर आणलाय ना, तेही बघा. महिनोन्महिने तसाच राहिलेला लिव्हर आम्ही पाहिलाय.

टपावरचं कॅरियर

लग्नाच्या वेळी बसवलेलं कॅरियर आमच्या टपावर कायमचं राहिलं होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. गावात फरक जाणवत नाही, हायवेवर ८०-९० च्या वेगाने जाणवतो. गरज नसेल तेव्हा कॅरियर काढून ठेवा.

इंजिन गरम होतंय का?

हा मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो. गाडी तापते म्हटलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल्व्हच काढून फेकतात. "आता कधी तापणार नाही," असं सांगतात. गाडी तापत नाही हे खरं, पण मग ती नीट गरमही होत नाही. इंजिनला साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास चालायचं असतं. थंड इंजिनात ऑइल जाडसर राहतं, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि कॉम्प्युटर असलेल्या गाडीत कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून डिझेल वाढवतो. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवर येत नसेल, तर थर्मोस्टॅट आहे का आणि चालू आहे का ते तपासा. आमच्या गाडीत तो नव्हताच. चार वर्षांपूर्वी कुणीतरी काढला होता आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं. मात्र गाडी मुळात तापत का होती, ते शोधून मगच नवा बसवा. रेडिएटर चोक असेल तर तो आधी साफ करायला हवा.

धूर काय सांगतो?

काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, टर्बो आणि इंटरकूलरमधले होज पाइप, ईजीआर वॉल्व्ह हे क्रमाने बघा. होज फाटला असेल तर तिथे ऑइलचा ओलसर डाग दिसतो, ओढताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडीची ओढ कमी होते.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळतंय. इथे इंजिन किंवा टर्बोची झीज खरोखर असू शकते.

पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा कूलंट आत जातंय. कूलंटची पातळी रोज बघा.

गाडीखाली डिझेलचा वास किंवा ओल आहे का, हेही पाहा. आणि चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट घसरतेय.

नोजल, पंप आणि मग इंजिन

एवढं सगळं झाल्यावर स्कॅनर लावा. त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला छोटी बाटली लावून काही मिनिटं इंजिन चालवतात. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तोच इंजेक्टर दोषी. चारही बदलायची गरज नसते. हे काम जाणकारानेच करावं. कॉमन रेल डिझेल गाडीत पाइपमधला दाब १,००० बारच्या वर जातो, तो पाइप चालू इंजिनावर सैल केला तर जीवाशी खेळ होतो.

आणि हाफ इंजिन सांगितलंच, तर आधी कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे मागा. आकडे नसतील तर तो अंदाज आहे, आणि अंदाजावर ७० हजार देऊ नयेत.

पेट्रोल एसयूव्ही असेल तर

पेट्रोल गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज या मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. तेवढी घट मिस्त्रीच्या हातात नाही. त्यासाठी इंजिन खोलून उपयोग नाही.

आमच्या गाडीचं काय झालं?

ब्रेक मोकळे केल्यावर आणि हवा नीट भरल्यावर ॲव्हरेज ११.४ वर आलं. थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर साफ केला, कॅरियर उतरवलं, तेव्हा १२.२ झालं. एका वेळी एकच काम करून दरवेळी टाकी फुल करून मोजलं, म्हणून कशाने किती फरक पडला ते कळलं. एकूण खर्च सात हजारांच्या आत. १३ काही परत आलं नाही. टायर अजून तेच आहेत आणि गाडीचं वयही झालंय, ते आम्ही मान्य केलं.

नोंदणीला १५ वर्षं झाली की आरटीओत फिटनेस दाखवून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळी गाडी ठेवायची की काढायची, हा निर्णय ज्याचा त्याचा. पण तो मोजलेल्या आकड्यांवर घ्यावा. एक साधी वही डॅशबोर्डमध्ये ठेवा : तारीख, किलोमीटर, लिटर. उस्तादांनी पैसे घेताना आम्हाला एवढंच सांगितलं, "वही ठेवली असती तर सहा महिने आधीच आला असतात."

अब्बांना घेऊन गेल्या आठवड्यात पुन्हा कराडला जाऊन आलो. घाट उतरून खाली आल्यावर थांबलो आणि उजव्या चाकाजवळ हात नेऊन पाहिला. चारही चाकं सारखीच कोमट होती.