तलवार येते, नोकरी नाही!

‘मंगा’ म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, “अजून कार्टून बघतोस?” आणि दुसरी, खास हॉस्टेलवरची, “कुठल्या चॅप्टरपर्यंत आलास?” हा लेख पहिल्या प्रकारच्या लोकांसाठी आहे, म्हणजे मुख्यतः आमच्या सर-मॅडमसाठी आणि रेक्टरसाठी. दुसऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

मंगा म्हणजे जपानी कॉमिक्स. उजवीकडून डावीकडे वाचायची, त्यामुळे आपल्या हिशोबाने पुस्तक मागून उघडायचं. त्यातला एक मोठा प्रकार सामुराईंचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की यात नुसती मारामारी. एक जण तलवार काढतो, दहा जण पडतात, पान उलटा. मारामारी आहेच, नाही कशाला म्हणू? पण चांगल्या सामुराई मंगाचा हीरो नीट बघा. तो बहुतेक वेळा बेकार असतो! माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. 1600 साली सेकिगाहाराची लढाई झाली. ती जिंकलेला तोकुगावा इएयासू 1603 मध्ये शोगुन झाला. 1615 ला ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यानंतरची अडीचशे वर्षं देशात बऱ्यापैकी शांतता होती. सामान्य माणसासाठी उत्तमच. पण ज्यांनी लहानपणापासून तलवारीशिवाय दुसरं काही शिकलंच नव्हतं, त्यांचं काय? हरलेल्या सरदारांच्या जहागिरी गेल्या आणि त्यांच्या पदरचे सामुराई रस्त्यावर आले. अशा मालक नसलेल्या सामुराईला ‘रोनिन’ म्हणतात. आणि ऐका, आजच्या जपानमध्ये कॉलेजची एन्ट्रन्स हुकल्यावर पुढच्या वर्षासाठी तयारी करत बसलेल्या विद्यार्थ्यालाही ‘रोनिन’च म्हणतात. आपण त्याला ‘ड्रॉपर’ म्हणतो. त्यांच्या शब्दात निदान कमरेला तलवार तरी आहे!

म्हणजे प्रश्न असा की जी विद्या जीव तोडून शिकलो तिची बाहेर कोणाला गरजच नसेल तर करायचं काय? थर्ड इयरला असलेल्या माणसाला हा प्रश्न चारशे वर्षं जुना वाटत नाही. आम्ही जे कोडिंग शिकतोय ते आम्ही पास होईपर्यंत मशीनच करणार, असं रोज कोणीतरी येऊन सांगून जातं.

वेगवेगळ्या मंगांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ‘लोन वुल्फ अँड कब’ ही 1970 ते 1976 मध्ये आलेली मालिका, लेखक काझुओ कोइके, चित्रकार गोसेकी कोजिमा. 28 खंड, आठ हजारांहून जास्त पानं. ओगामी इत्तो हा शोगुनचा अधिकृत शिरच्छेद करणारा, म्हणजे परमनंट सरकारी नोकरी. कट रचून त्याची नोकरी, बायको, घर सगळं हिरावलं जातं. मग तो रांगणाऱ्या मुलापुढे एक चेंडू आणि एक तलवार ठेवतो. मुलाने चेंडू घेतला असता तर बाप त्याला आईकडे पाठवणार होता, म्हणजे मारणारच होता. पोरगं तलवारीकडे जातं. मग लाकडी बाबागाडी ढकलत बाप पैसे घेऊन खून करत फिरतो. हे उत्तर भयानक आहे आणि कोइके ते गोड करून सांगत नाही.

‘रुरोनी केनशिन’ 1878 सालात घडते. त्याच्या दोन वर्षं आधी सरकारने तलवार बाळगायलाच बंदी घातलेली. केनशिन उलट्या धारेची तलवार वापरतो, म्हणजे वार केला तरी माणूस मरू नये. कल्पना झकास आहे, पण मला ही मालिका जरा शाळकरी वाटते. ज्यांना राग येईल त्यांनी रूमवर येऊन भांडावं.

खरं बोलायचंय ते ‘व्हॅगाबाँड’बद्दल. ताकेहिको इनोउएने 1998 मध्ये सुरू केलेली ही मालिका एजी योशिकावाच्या ‘मुसाशी’ या कादंबरीवर आधारलेली आहे. मियामोतो मुसाशी हा माणूस खरोखर होऊन गेला. आपण साठाहून जास्त लढती खेळलो आणि एकही हरलो नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मंगात तो पहिल्यांदा दिसतो तो सेकिगाहाराच्या मैदानावर, प्रेतांच्या मधोमध पडलेला, सतरा वर्षांचा, हरलेल्या बाजूचा. शेजारी त्याचा मित्र माताहाची. दोघं नाव कमवायला आले होते.

मुसाशीला ‘सूर्याखाली अजिंक्य’ व्हायचंय. पण इनोउए त्याला सरळ जिंकू देत नाही. होझोइन मठातल्या भालेबाज भिक्षूसमोरून तो चक्क जीव मुठीत धरून पळतो. पुढे यागयू घराण्यातल्या आजारी म्हाताऱ्या गुरूच्या खोलीत शिरतो, तिथे वारच करू शकत नाही. मग योशिओका घराण्याच्या सत्तर जणांशी एकटा लढतो, जिंकतो आणि पायाला जबर जखम घेऊन लंगडत बाहेर पडतो. ती लढाई पानंच्या पानं चालते. वाचता वाचता थरार संपतो आणि उरतो तो नुसता थकवा. माझ्या मते इनोउएने हे मुद्दामच केलंय.

आणि मग हा अजिंक्य माणूस काय करतो? शेती! दुष्काळात उपाशी मरणाऱ्या एका गावात, एका अनाथ पोराबरोबर, नापीक जमिनीशी झगडत बसतो. गावाकडून आलेल्या माझ्या रूममेटने व्हॅगाबाँडमधला फक्त हाच भाग दोनदा वाचला. माती आणि पाण्यापुढे याची तलवारबाजी शून्य आहे, हे मुसाशीला कळायला किती वेळ लागतो ते बघून तो हसत होता.

माताहाचीचं वेगळंच. तो सासाकी कोजिरो या दुसऱ्याच तलवारबाजाचं सर्टिफिकेट मिळवून त्याच्या नावाने मिरवतो. फुकट जेवण, फुकट मान! असे नमुने कुठे कुठे असतात ते सांगत बसत नाही. पण मुसाशीपेक्षा मला हाच जास्त ओळखीचा वाटतो.

आता चित्रांबद्दल. मी कॉन्व्हेंटमध्ये टिनटिन-अ‍ॅस्टेरिक्सवर वाढलो. तिथे पात्रं सतत बोलतात. इथे पाच-पाच पानं कोणी बोलत नाही. गवत हलतंय, घामाचा थेंब, तलवारीच्या मुठीवरचा अंगठा. वार एका चौकटीत होतो, पण त्याआधीची वाट बघणं दहा चौकटी चालतं. दोन गोष्टींमधल्या अशा रिकाम्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. व्हायव्हाच्या आधी व्हरांड्यात उभं राहिल्यावर जे होतं तेच. इनोउएचं बरंचसं काम ब्रशने केलेलं आहे. त्याने कोजिरोला बहिरा दाखवलाय, कादंबरीत तसं नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याचा कितीतरी भाग शब्दांशिवायच सांगावा लागतो.

वाचायचं असेल तर पहिल्या खंडापासून वाचा आणि घाई करू नका. एकूण 37 खंड आहेत. 2015 पासून नवीन चॅप्टर आलेला नाही. खऱ्या इतिहासात मुसाशी आणि कोजिरोची ती प्रसिद्ध लढत 1612 मध्ये एका छोट्या बेटावर झाली. इनोउएने ती अजून काढलेलीच नाही.