गुन्हा कबूल आहे काय?

दाराशी लावलेली जुनी सायकल नाहीशी व्हावी आणि तिच्या चोरीचा आरोप नंदनवनातील एखाद्या हातावर पोट असणाऱ्या तरुणावर यावा, ही गोष्ट नागपुरात अपूर्व नव्हे. असा तरुण सिव्हिल लाइन्समधील न्यायालयाच्या आवारात उभा राहिला म्हणजे त्याला पहिला सल्ला मिळतो तो हा: ‘कबूल करून टाक, किरकोळ शिक्षा होईल, संध्याकाळी घरी जाशील.’ सल्ला देणारा बहुधा हितचिंतकच असतो. तथापि आमच्या मते इतका महाग पडणारा फुकट सल्ला दुसरा नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने किरकोळ चोरीस सौम्य वागणूक दिली आहे, हे खरे. कलम ३०३ अन्वये माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल व माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. परंतु तेच कलम पुढे सांगते की, दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान १ वर्ष सक्तमजुरी झालीच पाहिजे. आज घाईने उच्चारलेला ‘कबूल’ हा शब्द उद्याच्या त्या शिक्षेची पहिली पायरी होय. शिवाय कबुलीवरून दोषी ठरलेल्यास अपील जवळजवळ उरतच नाही. शिक्षेच्या प्रमाणाविषयी वा कायदेशीरपणाविषयीच काय ते बोलता येते.

म्हणून तोंड उघडण्यापूर्वी आरोपपत्रातील कलम पाहावे. तीच वस्तू रस्त्यावरून उचलली तर कलम ३०३. माल ठेवण्याच्या इमारतीतून उचलली तर ३०५. नोकराने धन्याची उचलली तर ३०६. शेवटच्या दोहोंत ७ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ५,००० रुपयांची सवलत त्यांत नाही. दुकानातील शंभर रुपयांची वस्तूही अशा रीतीने भारी पडू शकते.

‘कबूल नाही’ म्हणणे म्हणजे खोटे बोलणे, अशी समजूत पापभीरू कुटुंबांत फार आढळते. ती निराधार आहे. चोरीस अप्रामाणिक हेतू लागतो. आपली समजून दुसऱ्याची सायकल नेणारा चोर नव्हे. ‘सायकल मी नेली’ आणि ‘मी चोरी केली’ ही दोन निराळी विधाने आहेत. कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी असे कायदा सांगतो, तो उगाच नव्हे. गांधीजींनी १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात अपराध कबूल केला तो पूर्ण विचारांती. आमच्या तरुणाची कबुली ही बहुधा रोजंदारी बुडण्याच्या धास्तीची असते.

पडद्याआडच्या आश्वासनावर तर मुळीच विसंबू नये. महाराष्ट्रातील खाद्यतेलाच्या भेसळीच्या खटल्यात अशाच समजुतीने गुन्हा कबूल झाला व अल्प शिक्षा झाली. पण वर शिक्षा वाढली, आणि १९७६ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या सौदेबाजीवर कडक ताशेरे ओढले. २००६ पासून कायद्याने सौद्याची उघड रीत घालून दिली आहे. तीत आरोपीने स्वतः लेखी अर्ज करावयाचा असतो आणि तो स्वेच्छेचा आहे काय, हे न्यायाधीश त्याला एकांतात विचारतात.

ज्याने खरोखर चोरी केली व ज्याला ती पचत नाही, त्याने कबूल करावे. आम्ही त्यास अडवीत नाही. मात्र वकिलाच्या सल्ल्याने, आणि १९५८ च्या परिविक्षा कायद्याचा आधार मागून. पूर्वी शिक्षा न झालेल्या इसमास त्यान्वये समज देऊन सोडता येते व अशा दोषसिद्धीमुळे एरवी येणारी कायदेशीर अपात्रता त्यास लागत नाही. अटकेतील माणसास, तसेच स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना, १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वये सरकारी खर्चाने वकील मिळतो. तो मागावा लागतो एवढेच, आणि मागण्याचेच पुष्कळांना सुचत नाही.

आता व्यापारी बंधूंस एक शब्द. कलम ३०३ ची साधी चोरी मालाच्या धन्यास तडजोडीने मिटविता येते, आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. माल परत मिळाला असून पोर पहिल्यानेच घसरले असेल, तर ही वाट धन्याच्या हाती आहे. पण ती खटला चालू असेतोच सुलभ असते. आरोपीने अगोदरच ‘कबूल’ म्हटले व शिक्षा झाली, तर मग धन्याची क्षमा घरीच राहते.