सुटे नाहीत, म्हणून चिठ्ठी

वसई, नालासोपारा, विरारच्या बाजारात सुट्या पैशांची चणचण नवी नाही. दोन रुपये परत द्यायचे असतात, गल्ल्यात नाणे नसते. मग गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवली जाते किंवा चिठ्ठी लिहून दिली जाते. ही चिठ्ठी म्हणजे नेमके काय, याचा विचार व्यापारी बंधूंनी जरूर करावा.

असे प्रसंग सरकारांवरही आले आहेत. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी आपल्याकडे एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ अडीच रुपयांची आली. दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले. १९४० साली गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे गुन्हा ठरले, रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९२६ पासून बंद असलेली एक रुपयाची नोट परत सुरू झाली. १९४३ पासून धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा पाडला गेला. जुनागढसारख्या संस्थानांनी तर सुट्या पैशांऐवजी पुठ्ठ्याची कूपने काढली.

जर्मनीत १९१४ नंतर हा प्रकार फारच वाढला. शहरे, खेडी, कारखानेदेखील आपापल्या नोटा छापू लागले. त्यांना 'नोटगेल्ड', म्हणजे अडीअडचणीचा पैसा, म्हणत. बीलेफेल्ड हे कापडाचे गाव. तिथे रेशमावर नोटा छापल्या गेल्या. माइसेनमध्ये चिनी मातीची नाणी झाली. लोक या वस्तू हौसेने जपून ठेवू लागले. जी नोट परत येत नाही तिचे पैसे द्यावे लागत नाहीत, हे गावांनी हेरले आणि गरज नसताना रंगीबेरंगी नोटा काढल्या. अनेक नोटांवर मुदत छापलेली असे. ती टळली की कागद रद्द. अखेर १९२२ साली सरकारने बंदी घातली.

आपल्यासाठी धडा इथेच आहे. परत न आलेली चिठ्ठी हा नफा नव्हे. ते गिऱ्हाइकाचे आपल्यावरील कर्ज आहे, त्याचा हक आहे. कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकरहमध्ये (आयत २८२) आहेच. शिवाय मागताच धारकाला पैसे देण्याचे वचन देणारा कागद खाजगी माणसाने काढण्यास रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम ३१ नुसार मनाई आहे.

तेव्हा चिठ्ठ्या वाटण्यापेक्षा वहीत नाव व रक्कम लिहा आणि पुढच्या खेपेला न मागता वजा करा. बँकेतून नाणी आणून ठेवा. दहा रुपयांचे नाणे कोणत्याही नक्षीचे असो, ते चालू आहे, नाकारू नका. दोन रुपयांचा चोख हिशेब ठेवणाऱ्या दुकानावरच गिऱ्हाईक दोन हजारांचा विश्वास टाकते.