शस्त्रांचा परवाना आणि संसदेचा जाब

१६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफ आणि कुलपी गोळे घेऊन वेढ्यात दाखल झाला व आपल्या राष्ट्राचे निशाण उभारून गडावर मारा करू लागला, ही हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो. शिवाजी महाराजांनी पुढल्याच वर्षी राजापूरची वखार लुटून रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैद केले, आणि त्या कैद्यांनी सुटकेसाठी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांकडे तगादा लावला तेव्हा वरिष्ठांनी त्यांना स्पष्ट कळविले की, तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना बंदीत पडलेला नाही. इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण घेऊन पन्हाळ्याच्या वेढ्यात गोळे फेकावयास गेलात म्हणून पडलात. कैदी १६६३ मध्ये सुटले. राजापूरच्या नुकसानीचा प्रश्न पुढे अनेक वर्षे लोंबकळत राहिला आणि १६७४ च्या जूनमध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाच्या तहात दहा हजार होनांच्या कलमाने त्याचा निकाल लागला. दारूगोळा विकणाऱ्याचे निशाण त्या दारूगोळ्याबरोबर जाते, आणि वखारीतल्या दोघाचौघांनी केलेल्या सौद्याचा जाब अखेरीस त्यांच्या सबंध राष्ट्राकडे मागितला जातो.

त्याच रायगडाच्या महाड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावी राहणाऱ्या मतदाराने या प्रकरणाची आज आठवण करावी याला सबळ कारण आहे. स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ शस्त्रे विकत घेण्यासाठीच जगभर ओळखला गेलेला आपला देश आता ती विकू लागला आहे. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची असलेली संरक्षण-सामग्रीची निर्यात २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटींवर आणि २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. सुमारे ऐंशी देशांना माल गेला, त्या एका वर्षात १,७६२ निर्यात-परवानग्या दिल्या गेल्या, आणि २०२९ पर्यंत पन्नास हजार कोटींचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा; देहूरोड, वरणगाव, भद्रावती, भंडारा येथील कारखान्यांसह तो २०२१ पासून ज्या सरकारी कंपनीकडे आहे, तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. ज्या तालुक्यात फौजी आंबवडे या नावाचे, घराघरांतून सैन्यात जाण्याची परंपरा असलेले गाव आहे, तेथील माणसाला देशी बनावटीच्या तोफगोळ्यांचा अभिमान वाटला तर तो यथार्थच म्हटला पाहिजे.

परंतु अभिमान ही एक गोष्ट, आणि देखरेख ही दुसरी. शस्त्र-निर्यातीचा परवाना कसा मिळतो, हे पाहण्यासारखे आहे. १९९२ च्या परकीय व्यापार (विकास व नियमन) अधिनियमाने निर्यातीवर बंदी वा निर्बंध घालण्याची मुखत्यारी केंद्र सरकारला दिली आहे, आणि त्या कायद्याखाली ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाणारी नियंत्रित मालाची यादी ठेवण्यात आली आहे. तिचा सहावा वर्ग युद्धसामग्रीचा. या वर्गातील माल बाहेर पाठवू इच्छिणाऱ्याने संरक्षण-उत्पादन विभागाकडे अर्ज करावयाचा, मालाचा आणि खरेदीदाराचा तपशील द्यावयाचा, व हा माल शेवटी कोण वापरणार याचे प्रमाणपत्र जोडावयाचे. सरकारी खात्यांनी आपसात मसलत करून परवाना द्यावयाचा किंवा नाकारावयाचा. त्याच यादीचा पहिला वर्ग विषारी रसायनांचा व ती बनविण्यास उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांचा आहे, त्यामुळे महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वस्तीला ही यादी अगदीच दूरची नव्हे. मात्र अर्जापासून परवान्यापर्यंतचा हा सारा प्रवास कार्यकारी सत्तेच्या दप्तरांतून होतो. परवाना देण्यापूर्वी संसदेस विचारावे लागत नाही, आणि दिल्यानंतर तो कोणास, कशासाठी व किती मालाचा दिला, याचा झाडा तिच्यापुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात नाही.

याचे परिणाम २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात दोन बाजूंनी समोर आले. भारतात तयार झालेले तोफगोळे युरोपातील खरेदीदारांनी पुढे युक्रेनकडे वळविल्याचे वृत्त रॉयटर्स या वृत्तसंस्थेने दिले. परराष्ट्र मंत्रालयाने ते तर्काधिष्ठित व दिशाभूल करणारे म्हणून फेटाळले. वृत्त खरे की खंडन खरे, याची रुजुवात करू शकेल असा कोणताही दस्तऐवज देशाच्या सर्वोच्च सभागृहापुढे नव्हता. त्याच महिन्याच्या ९ तारखेस, इस्रायलला होणारी शस्त्र-निर्यात थांबवावी अशी याचना करणारा अर्ज सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने फेटाळला. परराष्ट्र-धोरणाचा हा प्रांत सरकारचा आहे, न्यायालयाने त्यात शिरू नये, असे त्या निर्णयाचे सार होते. न्यायालयाची ही भूमिका घटनेला धरूनच आहे असे मला वाटते. मात्र न्यायालयाने दार लावून घेतल्यावर नागरिकाने दाद मागावी असे ठिकाण एकच उरते, आणि ते संसद होय.

संसदेजवळ साधने नाहीत असे नाही. १९९३ पासून खातेवार स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा सदस्य बसतात, बंद दाराआड सचिवांची साक्ष घेतात, अनुदानाच्या मागण्या तपासतात. संरक्षणाची समिती आहे, वाणिज्याची आहे, परराष्ट्र व्यवहारांचीही आहे. परंतु शस्त्र-निर्यात हा तिन्ही खात्यांचा विषय असल्यामुळे तो कोणा एका समितीचा होत नाही, आणि सभागृहात देशवार तपशील विचारला असता सामरिक संवेदनशीलतेचे कारण पुढे येते.

बोफोर्स प्रकरणात आपण खरेदीदाराच्या बाजूस होतो. २४ मार्च १९८६ रोजी ४१० तोफांचा करार झाला आणि १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या नभोवाणीने दलालीचे वृत्त दिले, तोवर आपल्या संसदेस त्या व्यवहाराच्या आतल्या बाजूची गंधवार्ता नव्हती. त्या काळी राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी असलेले मधू दंडवते यांच्यासारखे अभ्यासू सदस्य विरोधी बाकांवर होते. तरीही शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीवर विरोधकांनी बहिष्कार घातला आणि चौकशी एकपक्षी झाली. दलालीची रक्कम दिली गेल्याची पहिली अधिकृत कबुली आली ती विकणाऱ्या देशाच्या, म्हणजे स्वीडनच्या, लेखापरीक्षण खात्याकडून. पुढे स्वीडनने संसदेतील पक्षांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ नेमले, आणि महत्त्वाच्या निर्यात-अर्जांवर परवाना देण्यापूर्वीच त्याचा सल्ला घेतला जाऊ लागला. आज विकणाऱ्याच्या जागी आपण आहोत, म्हणून हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

इतरत्रही असे प्रघात आहेत. ब्रिटनच्या २००२ च्या कायद्याने निर्यात-नियंत्रणाचा वार्षिक अहवाल पार्लमेंटपुढे ठेवणे बंधनकारक केले. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानुसार ठरावीक रकमेवरील शस्त्रविक्रीची पूर्वसूचना काँग्रेसला द्यावी लागते. व्यापारी करारांतही हाच भेद आढळतो: २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, तेव्हा तो मंजुरीपूर्वी एकवीस बैठकींचे दिवस पार्लमेंटपुढे ठेवणे ब्रिटिश सरकारला कायद्याने भाग होते, आपल्या सरकारवर तसे कोणतेही बंधन नव्हते.

गुप्ततेचा आक्षेप मी क्षुल्लक मानत नाही. मित्रराष्ट्राला कोणते क्षेपणास्त्र कोणत्या तारखेस पोहोचणार, हे चव्हाट्यावर मांडावे असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. परंतु २०१७ च्या डिसेंबरपासून आपण शस्त्र-निर्यातीच्या नियंत्रणासाठी असलेल्या वासेनार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे सदस्य आहोत, आणि व्यवस्थेबाहेरच्या देशांना दिलेल्या प्रमुख शस्त्रांची माहिती सदस्य सरकारांनी दर सहा महिन्यांनी परस्परांस द्यावयाची असते. जी माहिती परकीय सरकारांच्या हाती सोपविता येते, ती आपल्याच खासदारांच्या समितीपासून, तीही बंद दाराआड, राखून ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले, आणि मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय न होता घेतला गेला, या आक्षेपासह त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. निर्णयाइतकीच निर्णयाची रीत महत्त्वाची मानणाऱ्या त्या पुरुषाच्या तालुक्यातून ही मागणी जावी, हे सर्वथैव उचित होईल: शस्त्र-निर्यातीचा देशवार व वर्गवार वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर यावा, आणि संरक्षण, वाणिज्य व परराष्ट्र या तिन्ही समित्यांच्या सदस्यांची एक संयुक्त उपसमिती गोपनीय तपशील पाहण्यास मुखत्यार असावी. तुडीलचा मतदार रायगड लोकसभा मतदारसंघात येतो. त्याने आपल्या खासदारास एक पत्र लिहून हा प्रश्न सभागृहात विचारावयास सांगावे. लोकसभेत प्रश्न मांडण्यास पंधरा पूर्ण दिवसांची पूर्वसूचना पुरते.