मूत्रमार्गाचा कर्करोग आणि त्यावरील उपचार

मूत्राशयात साठलेली लघवी ज्या नलिकेने शरीराबाहेर पडते, तिला मूत्रमार्ग म्हणतात. ही नलिका पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर, तर स्त्रियांत अवघी ४ सेंटिमीटर लांब असते. तिच्या अस्तरातील पेशींची अनिर्बंध वाढ होणे म्हणजे मूत्रमार्गाचा कर्करोग होय. हा रोग अत्यंत विरळा आहे. मूत्रसंस्था व जननसंस्था यांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. तथापि, विरळा असल्यामुळेच तो पुष्कळदा उशिरा ओळखला जातो.

लघवीतून रक्त जाणे, धार बारीक होणे, लघवीच्या जागी गाठ लागणे, जांघेत अवधाण येणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ती साध्या विकारांतही आढळतात. त्यामुळे पुरुषांत मार्ग आकुंचन पावला आहे असे समजून तो वारंवार रुंद करण्यात येतो. स्त्रियांत जंतुसंसर्गाची औषधे दिली जातात. त्यातच लज्जेमुळे अनेक रुग्ण दुखणे लपवितात. दुर्बिणीतून मार्गाची पाहणी करून संशयित भागाचा तुकडा तपासणे, हाच निदानाचा खात्रीचा उपाय आहे. रोग किती खोल गेला आहे, हे एमआरआय व सीटी स्कॅन या तपासण्यांवरून समजते.

उपचार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतात : रोग मार्गाच्या कोणत्या भागात आहे आणि तो किती खोल रुजला आहे. तो अस्तरापुरताच असेल, तर दुर्बिणीतून खरवडून किंवा लेसर किरणांनी काढता येतो. बाहेरून छेद द्यावा लागत नाही. मार्गाच्या पुढील टोकाकडील गाठ तेवढा भाग काढून दूर करतात आणि शक्य असेल तेथे उर्वरित अवयव राखला जातो.

मूत्राशयाजवळच्या भागातील रोग बहुधा खोल गेल्यावरच लक्षात येतो. अशा वेळी मूत्राशयासह लगतचे अवयवही काढावे लागतात. लघवीसाठी लहान आतड्याच्या तुकड्यापासून पोटावर नवी वाट करून तेथे पिशवी लावतात. ही पद्धत अमेरिकन शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडली. शस्त्रक्रियेपूर्वी सिस्प्लाटिनसारखी औषधे देऊन गाठ लहान करण्याचा प्रयत्न केला जातो. काही रुग्णांत औषधे व किरणोपचार एकाच वेळी देऊन अवयव वाचविता येतो. किरणोपचारानंतर मार्ग आकुंचन पावण्याचा संभव असतो, म्हणून पुढील तपासण्या चुकवू नयेत.

या उपचारांचा परिणाम वैवाहिक जीवनावरही होतो. याविषयी पती-पत्नींनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. हा रोग विरळा असल्याने उपचार शक्यतो कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात घ्यावेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करता येते.

लघवीत रक्त एकदाच दिसले आणि आपोआप थांबले, तरी ते दुर्लक्षू नये. वेळेवर केलेल्या एका तपासणीने जीव वाचू शकतो, आणि पुष्कळदा अवयवही.